झटपट स्वयंपाक, पण शिकायचा कुणी?

या वर्षीच्या ८ मार्चला जळगावातल्या एका कार्यालयाने मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. विषय नेहमीचाच, ‘महिला सक्षमीकरण’. मी पाऊण तास बोलले. घरगुती हिंसा, कायदा, समान वेतन, सगळं झालं. टाळ्या पडल्या, शाल-श्रीफळ मिळालं. मी निघायच्या बेतात होते तोच निवेदिकेने पुढचा कार्यक्रम जाहीर केला. महिला कर्मचाऱ्यांसाठी पाककृती स्पर्धा : ‘अर्ध्या तासात रात्रीचं जेवण’. परीक्षक म्हणून दोन वरिष्ठ साहेब. पहिलं बक्षीस प्रेशर कुकर.

वीसेक जणींनी भाग घेतला होता. मुगाची धिरडी, पालक घातलेली खिचडी, रव्याचे उत्तपे. साहेबांनी चमचा-चमचा चाखलं, ‘आमच्या घरीही शिकवा जरा’ असा विनोद केला, सगळे हसले. ज्या लिपिक भगिनीला कुकर मिळाला ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि घड्याळाकडे बघत म्हणाली, “ताई, आज फारच उशीर झाला हो. आता घरी जाऊन काय झटपट करू?”

ती हसत म्हणाली, पण मला ते वाक्य घरी येईपर्यंत टोचत राहिलं. जेवण करण्याचं बक्षीस जिंकलेल्या त्या बाईच्या घरी नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा आणि धडधाकट सासरे तिची वाट बघत होते. तिघांचे मिळून सहा हात. त्या सहा हातांना खिचडी टाकता येत नव्हती.

आणि मी तरी कुणाला नावं ठेवू? घरी पोहोचले तर नवरा पेपर वाचत बसलेला. चळवळीतलाच माणूस, समतेवर माझ्याहून चांगलं बोलणारा. मला दमलेली बघून प्रेमाने म्हणाला, “सांगितलं असतंस तर मी कुकर लावला असता.”

मैत्रिणींनो, ‘सांगितलं असतंस तर’ या तीन शब्दांशी आपलं भांडण आहे.

शिकाऊ म्हणजे सूनच?

मराठीतलं पाककृतींचं पहिलं छापील पुस्तक म्हणून १८७५ सालच्या ‘सूपशास्त्रा’चं नाव घेतलं जातं. ते रामचंद्र सखाराम गुप्ते या पुरुषाने लिहिलेलं आहे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं पुस्तक आलं, त्याचं नावच ‘गृहिणीमित्र’. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. वाटी-चमच्याच्या मापात सगळं सांगितल्यामुळे आई-सासू जवळ नसलेल्या कितीतरी नवख्या मुलींना या पुस्तकाने हात दिला. कमलाबाईंचं हे ऋण आपण मानलंच पाहिजे. पण लोकांनी कौतुकाने त्यांना काय म्हटलं? ‘एक लाख सुनांची सासू’. पुस्तक लाखांत खपलं, तर घेणाऱ्या सगळ्या सुनाच असणार! एखादा मुलगा, जावई किंवा नवरा शिकाऊ असू शकतो, हे त्या कौतुकाच्या स्वप्नातही आलं नाही.

आता पुस्तकाच्या जागी मोबाइल आला. ‘दहा मिनिटांत डिनर’, ‘नवशिक्यांसाठी सोप्या पाककृती’, असं बरंच काही दाखवलं जातं. कुकर, मिक्सर, गॅस आलेच होते, त्यात आता तयार मसाले आणि सोललेला लसूण. हे सगळं आपल्या सोयीसाठी आहे असं आपल्याला वाटतं. थोडं थांबून बघा. दिवसभर काम करून आलेल्या बाईला हे सगळं मिळून एवढंच सांगतं की, तुझी दुसरी पाळी लवकर उरक. पाळी रद्द करायचं कुणीच बोलत नाही. उलट वाचलेल्या वेळात दोन पदार्थ वाढतात. पूर्वी रात्री खिचडी-पापडावर भागत होतं, आता मुलाला नूडल्स, नवऱ्याला रस्सा आणि सासऱ्यांना मऊ भात लागतो. रुथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८३ मध्येच पुस्तक लिहून दाखवलं होतं की, घरात यंत्रं आली म्हणून आईचं काम कमी झालं नाही. बाप आणि मुलं करत होती ती कामं तेवढी सुटली.

एका मिनिटाची प्रगती

कुणी म्हणेल, काळ बदलतोय, हळूहळू होईल. किती हळू, तेही मोजलेलं आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळवापर सर्वेक्षण केलं आणि २०२४ मध्ये पुन्हा केलं. घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, ती २०२४ मध्ये २८९ झाली. पुरुषाची ९७ मिनिटं होती, ती ८८ झाली. म्हणजे बाईचं ओझं दहा मिनिटांनी उतरलं, तर पुरुषाने आपलंही नऊ मिनिटांनी उतरवून घेतलं. आणि ही सरासरी घरकाम करणाऱ्या पुरुषांची आहे बरं का. शंभरातले तीससुद्धा पुरुष दिवसभरात घरकामाला हात लावत नाहीत, बायका मात्र शंभरात ऐंशीहून जास्त राबतात.

दोघांमधली दरी २०१९ मध्ये २०२ मिनिटांची होती, ती २०२४ मध्ये २०१ झाली. पाच वर्षांत एक मिनिट. या वेगाने बरोबरी व्हायला हजार वर्षं लागतील. ‘हळूहळू होईल’ म्हणणाऱ्यांना हा हिशोब नक्की सांगा.

घड्याळ कुठून सुरू होतं?

‘अर्ध्या तासाचा स्वयंपाक’ म्हणताना घड्याळ गॅस पेटल्यावर सुरू होतं. ज्वारी निवडून दळून आणली, डाळीतले खडे काढले, तो वेळ त्यात नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तेव्हा ते भरून, पुरवून वापरायचं काम त्यात नाही. जेवणानंतरची भांडी, ओटा, उरलेल्या भाजीची सोय त्यात नाही. आणि सगळ्यात जड काम तर कुठेच धरलेलं नाही : ‘आज काय करू?’ हा रोजचा विचार. तेल संपत आलंय, मुलाला वांगं चालत नाही, सासूबाईंचा उपास आहे, हे सगळं एकाच डोक्यात साठवलेलं असतं. ‘सांगितलं असतंस तर’ म्हणणारा नवरा हात द्यायला तयार असतो, डोकं द्यायला नसतो.

त्यात आपली गरम भाकरी. घरचे सगळे जेवायला बसतात आणि ती तव्यापाशी. एकेक भाकरी फुगते आणि थेट ताटात जाते. शेवटी ती बसते तेव्हा भाजीचा तळ उरलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात काय उरतं हे त्यातलं एक आहे, हे आपण वस्त्यांमधून रोज पाहतो. त्याच पाहणीत एक प्रश्न विचारतात : बायकोने स्वयंपाक नीट केला नाही तर नवऱ्याने तिला मारणं योग्य आहे का? हा प्रश्न विचारावा लागतो, यातच सगळं आलं. पंढरपूरला २०१३ मध्ये चहा करायला नकार दिला म्हणून नवऱ्याने बायकोच्या डोक्यात हातोडा घातला. ती वाचली नाही. त्याची शिक्षा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायम ठेवली आणि बायको ही नवऱ्याची मालमत्ता नाही हे बजावलं.

न्यायालयंही या बाबतीत एका आवाजात बोलत नाहीत. आपले जळगाव आणि धुळे जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात त्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं की, लग्न झालेल्या बाईला घरच्यांसाठी घरकाम सांगितलं म्हणजे तिला मोलकरणीसारखं वागवलं असं होत नाही, आणि तिला ते करायचं नसेल तर तिने लग्नाआधीच सांगायला हवं होतं. वर्षभराने, २०२३ मध्ये, मुंबईला त्याच उच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका प्रकरणात सांगितलं की, घरातल्या जबाबदाऱ्यांचा भार नवरा-बायको दोघांनी सारखा उचलला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अपघाताच्या भरपाईत गृहिणीच्या घरकामाचं मोल धरायला सांगितलं, ही चांगलीच गोष्ट. पण बघा, बाई मेल्यावर तिच्या भाकरीची किंमत काढता येते. ती जिवंत असताना मात्र ते काम नसतं, ‘माया’ असते.

‘पुरुषाला जमत नाही’ म्हणे

खान्देशात हे वाक्य कुणी बोलूच नये. हिवाळा लागला की आपल्याकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आसोदा, भादली, बामणोदची ती हिरवी-पांढरी वांगी पोत्याने येतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर ती भाजतात कोण? पुरुष. सालं काढणारे, मिरच्या भाजणारे, लाकडी बडगीत मुसळाने ठेचणारे, फोडणी देणारे सगळे पुरुष. पन्नास माणसांचं भरीत ही मंडळी अंदाजाने करतात आणि मीठ कमी-जास्त होत नाही. गावच्या भंडाऱ्यात वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीच्या कढया उतरवतात तेही पुरुषच. शेवभाजीसाठी नाव काढलेल्या ढाब्यांवर आचारी पुरुष.

म्हणजे हात आहेत, चव आहे, अंदाज आहे. फक्त दोन अटी आहेत. एक, त्याचं कौतुक झालं पाहिजे किंवा पैसे मिळाले पाहिजेत. दोन, ते रोजचं नको. पन्नास जणांचं भरीत करणारा हाच माणूस मंगळवारी रात्री आठ वाजता घरात ‘मीठ कुठल्या डब्यात आहे?’ असं विचारतो. त्याला येत नाही हे खोटं आहे. त्याच्यावर ते पडत नाही, हे खरं आहे.

आपल्यातलेच काही आक्षेप

चळवळीतल्या बैठकांत हा विषय काढला की काही कार्यकर्त्या म्हणतात, हा मध्यमवर्गीय बायकांचा प्रश्न. आधी पाणी, मजुरी, हिंसा. त्यांना मी धुळे तालुक्यातल्या एका गावची संध्याकाळ सांगते.

दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या गोळा करायच्या होत्या. बायका दिवसभर कापूस वेचायला जात, म्हणून बैठक संध्याकाळी सातला ठेवली. पस्तीस-चाळीस जणी आल्या. विषय रंगला, अर्ज वाचून दाखवला, सह्या-अंगठे सुरू झाले. साडेसातला दारात एक पोरगा उभा राहिला. आईला म्हणाला, “जेवाले काय शे?” बापाने पाठवला होता. ती उठली. मग दुसरीचा निरोप आला, तिसरीचा आला. आठ वाजता आम्ही तिघी कार्यकर्त्या आणि दोन म्हाताऱ्या उरलो. सह्यांचा कागद अर्धा कोरा राहिला. पुन्हा सगळ्या जमायला महिना गेला. म्हणजे खिचडीपायी ते दारूचं दुकान महिनाभर जास्त चाललं. जे नवरे निरोप पाठवत होते तेही दिवसभर त्याच शेतांतून, तेवढेच राबून आले होते. ते पारावर बसले होते.

आता सांगा, हा मध्यमवर्गीय प्रश्न आहे का? महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा आपल्या आहेत. खुर्ची मिळाली, पण खुर्चीवर बसायचा वेळ चुलीपाशी अडकलेला आहे. मजुरी, पाणी, हिंसा या सगळ्यांसाठी लढायला बाईला संध्याकाळ हवी. ती संध्याकाळ खिचडीतून सोडवून आणावी लागेल.

दुसरा आक्षेप, ‘स्वयंपाकाला बाई लावावी’. ज्यांना परवडतं त्यांनी योग्य पगार आणि सुट्टी देऊन जरूर लावावी. पण ती बाई तुमच्या पोळ्या लाटत असते तेव्हा तिच्या घरची चूल तिची वाट बघत असते. एका बाईचं ओझं दुसरीवर गेलं, पुरुष होता तिथेच राहिला.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड, कारण तो आपल्या आतला आहे. ‘त्यांनी केलं की पसारा घालतात, त्यापेक्षा मीच करते.’ सासू म्हणते, ‘माझ्या लेकाला चुलीपाशी बसवलंस?’ बाईला घरात दुसरीकडे कुठे अधिकार नसतो, तेव्हा स्वयंपाकघर हेच तिचं राज्य होतं आणि ते सोडायला ती कचरते. हे मी समजू शकते. पण या राज्यात राजाच भांडी घासतो, हेही आपण बघायला हवं.

शिकाऊंसाठी पाच संध्याकाळी

तेव्हा झटपट स्वयंपाक आपल्याला हवाच आहे. फक्त शिकाऊ बदलायचा. खालचा मजकूर घरातल्या शिकाऊसाठी आहे, मग तो सोळा वर्षांचा असो की साठ वर्षांचा. हे पान फाडून त्याच्या हातात द्यायला हरकत नाही. मापं चार-पाच माणसांची आहेत.

सोमवारी खिचडी. खान्देशात रात्रीला खिचडीच. दोन वाटी तांदूळ, एक वाटी तूरडाळ, दोन्ही धुऊन घे. कुकरमध्ये तेल तापव, मोहरी तडतडू दे, मग जिरं, ठेचलेला लसूण, मूठभर शेंगदाणे, हळद, तिखट. डाळ-तांदूळ घालून परत, सात वाटी पाणी आणि मीठ घाल, चार शिट्ट्या घे. वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकण उघडू नको. ताटात वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि सोबत भाजलेला पापड.

मंगळवारी पिठलं-भात. एक वाटी बेसन आधी गार पाण्यात कालव, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. एकूण पाणी तीन वाटी. लसूण-मिरची-कांद्याच्या फोडणीत ओत आणि घट्ट होईपर्यंत ढवळत राहा. झाकून पाच मिनिटं वाफ आण. या वेळात मोबाइल लांब ठेव.

बुधवारी भरीत. हे तुला येतंच. पऱ्हाट्यांऐवजी गॅस आहे एवढंच. वांग्याला तेलाचा हात लाव आणि चिरा दे, नाहीतर ते फुटतं. भाजलेल्या मिरच्या आणि लसूण ठेचून घाल, कांद्याची पात, शेंगदाणे, फोडणी.

गुरुवारी शेवभाजी. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाज, लसूण-आल्याबरोबर वाट. हे वाटण तेल सुटेपर्यंत परत, घरचा काळा मसाला घाल, पाणी घालून उकळी आण. जाड तिखट शेव वाढताना टाक, आधी टाकलीस तर लगदा होईल.

शुक्रवारी उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा आणि ताक. उरलेलं न टाकता जेवण उभं करायचं, हाही स्वयंपाकच आहे.

भाकरी दुसऱ्या महिन्यात शीक. गरम पाण्यात ज्वारीचं पीठ चांगलं मळ. थापता आली नाही तर लाट, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. सगळ्या भाकरी आधी करून ठेव आणि मग सगळ्यांबरोबर जेवायला बस. गार भाकरीने आजवर कुणी मेलेलं नाही.

आणि एक नियम. ज्याची संध्याकाळ, त्याचीच सगळी जबाबदारी. काय करायचं ते ठरवण्यापासून, सामान आहे का बघण्यापासून, ओटा पुसून भांडी पालथी घालण्यापर्यंत. ‘काय करू?’ असं बायकोला विचारायचं नाही. ‘मदत’ हा शब्दच नको. स्वतःच्या घरात कुणी मदत करत नसतं.

आपल्याला करायचं ते

मैत्रिणींनो, आपलं काम याहून अवघड आहे. त्या पाच संध्याकाळी आपण स्वयंपाकघरात जायचं नाही. खिचडी करपली तर करपलेली खायची आणि उठून दुसरं काही करायचं नाही. मुलीच्या आधी मुलाला शिकवायचं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघं भाजी निवडताना दाखवले. पुस्तकातलं चित्र बदललं आहे, घरातलं अजून बदलायचं आहे.

आइसलंडच्या बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी एक दिवस सगळं काम बंद ठेवलं, घरातलंही. दहातल्या नऊ जणी त्यात होत्या. त्या दिवशी बापांनी मुलांना घेऊन कामावर जायची वेळ आली आणि दुकानांतले सॉसेज संपले, कारण पुरुषांना तेवढंच शिजवता येत होतं. एका दिवसात एका देशाला कळलं की चूल आपोआप पेटत नाही.

आपण एक दिवस नको, आठवड्यातली एक संध्याकाळ मागू या. प्रत्येक गटाने गावात एक वार ठरवावा. त्या संध्याकाळी सातला बायकांची बैठक आणि घराघरात शिकाऊंचा स्वयंपाक. पुढचा अंक येईपर्यंत तीन महिने आहेत, म्हणजे बारा-तेरा संध्याकाळी. किती बैठका पूर्ण झाल्या, किती जणी मधेच उठून गेल्या, कुठे निरोप आले, कुठे मारहाणीपर्यंत गोष्ट गेली, सगळं लिहून ठेवा आणि पाठवा. जिथे मारहाणीची भीती आहे तिथे एकटीने सुरू करू नका, गटाने मिळून करा.

मी माझ्या घरी गुरुवार ठरवला आहे. पहिल्या गुरुवारी शेवेचा लगदा झाला. आम्ही तो जेवलो. दुसऱ्या गुरुवारी मी साडेनऊपर्यंत बैठकीत होते आणि फोन एकदाही वाजला नाही.